नेट अडलं की राउटरला आधी काय विचारायचं? कमांड लाइनविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे?

घरी किंवा लहान ऑफिसात राउटर आहे, नेट मध्येच अडतं आणि दर वेळी स्विच बंद-चालू करून वैताग आलाय, अशांसाठी. कमांड लाइन, म्हणजे टाइप करून आज्ञा द्यायची खिडकी, आजवर कधी उघडली नसेल तरी हरकत नाही. सुरुवातीच्या प्रश्नांना नुसता लॅपटॉप पुरतो, नंतर राउटरच्या आत शिरायचं आहे. आतल्या कमांड ओपनडब्ल्यूआरटी गृहीत धरून दिल्या आहेत. ही राउटरसाठीची, लिनक्सवर उभी असलेली मुक्त प्रणाली. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचा सोर्स कोड खुला झाला, त्यातून २००४ साली हे काम सुरू झालं आणि नावातली ती तीन अक्षरं तिथूनच आली.

इथे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन लिपीतली छोटी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे. जिथे स्पेलिंगचा घोळ होईल असं वाटलं तिथे अक्षरं फोडून दिली आहेत.

बंद-चालू केलं की नेट येतंच. मग एवढा खटाटोप कशाला?

नेट येतं, पण ते का गेलं होतं याचा पुरावा त्याच क्षणी पुसला जातो. घरगुती राउटर आपला लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, रॅममध्ये ठेवतो. आतली फ्लॅश मेमरी छोटी असते आणि सतत लिहिल्याने झिजते, म्हणून तशी रचना केलेली असते. वीज गेली की लॉग गेला. आठवड्यातून तीनदा नेट जाणाऱ्या घरात महिनोन्महिने कारण सापडत नाही, ते बहुतेकदा यामुळेच: जो कोणी घरी असतो तो आधी स्विचकडे धावतो.

हे पान वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. स्विचकडे हात जाण्याआधी दोन मिनिटं थांबा.

त्या दोन मिनिटांत काय करायचं?

तीन पिंग, याच क्रमाने. पिंग म्हणजे समोरच्या यंत्राला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजणारी कमांड. विंडोजवर सर्चमध्ये सीएमडी टाइप केलं की काळी खिडकी उघडते, मॅक आणि लिनक्सवर टर्मिनल असतं, अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाचं ॲप चालतं.

पहिला पिंग राउटरला: पिंग १९२.१६८.१.१. तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असू शकतो. विंडोजवर आयपीकॉन्फिग ही कमांड दिली की 'डिफॉल्ट गेटवे' या ओळीसमोर तो दिसतो, लिनक्सवर आयपी राउट दिलं की 'डिफॉल्ट व्हाया'च्या पुढे. दुसरा पिंग बाहेरच्या जगाला, पण आकड्यांनी: पिंग १.१.१.१ किंवा पिंग ८.८.८.८. तिसरा पिंग नावाने: पिंग विकिपीडिया डॉट ऑर्ग.

पहिल्याच पिंगला उत्तर नसेल तर दोष घरात आहे: वायफाय, केबल किंवा खुद्द राउटर. पहिला चालतो आणि दुसरा अडतो, तर राउटरच्या पलीकडची लाइन बघायला हवी. पहिले दोन चालतात आणि तिसरा म्हणतो की असं नाव सापडत नाही, तर लाइन धडधाकट आहे, फक्त डीएनएस झोपला आहे. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता काढून देणारी सेवा. ती बंद पडली की घरातले सगळे 'नेट गेलं' म्हणतात, पण गेलेलं काहीच नसतं. खात्री करायला एनएसलुकअप, मग साइटचं नाव, मग १.१.१.१ असं एका ओळीत द्या. म्हणजे राउटरला न विचारता थेट बाहेरच्या डीएनएसला विचारलं. उत्तर आलं तर राउटरमध्ये डीएनएसचा पत्ता बदला आणि निश्चिंत व्हा.

पिंगचा आकडा किती असावा?

केबलने जोडलेल्या लॅपटॉपवरून राउटरपर्यंत एक मिलिसेकंदाच्या आत. वायफायवर दोन ते पाच, अधूनमधून एखादी उडी चालते. बाहेरचा आकडा अंतरावर ठरतो. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. पुणे ते मुंबई दीडशे किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत जवळपास ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंदांच्या खाली कोणीही उतरू शकत नाही, आणि समुद्राखालची केबल काही सरळ रेषेत जात नाही. मुलाच्या गेमचा सर्व्हर सिंगापूरला असेल आणि पिंग साठ दाखवत असेल, तर राउटरला बोल लावू नका. नवा महागडा राउटर आणून तो आकडा वीसवर येणार नाही.

सरासरीपेक्षा मी चढउतार बघतो. २०, २१, २०, १९ ही निरोगी लाइन. ८, ९, २४०, ७ ही आजारी, भले तिच्यातले बहुतेक आकडे लहान असोत. विंडोज फक्त चार वेळा पिंग करून थांबतं आणि चारांवरून काहीच ठरत नाही. विंडोजवर डॅश एन १००, लिनक्सवर डॅश सी १०० जोडा आणि शेवटच्या ओळीतली गळती वाचा. केबलवरून राउटरपर्यंत शंभरात एकही पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, हरवता कामा नये.

माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या संशोधन प्रयोगशाळेत पिंग लिहिलं, ते असंच एक नेटवर्क विचित्र वागत होतं म्हणून. नाव पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून दिलं. चाळीस वर्षं उलटली तरी पहिला प्रश्न तोच राहिला आहे: तू आहेस का, आणि किती लांब?

ट्रेसराउटमध्ये मधेच तारे दिसतात. तिथेच लाइन तुटली आहे ना?

बहुतेक वेळा नाही. ट्रेसराउट ही वाटेतल्या राउटरांची यादी देणारी कमांड. तिची युक्ती अशी: प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो, वाटेतला प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो, आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देऊन 'इथे संपलं' असा निरोप मागे पाठवतो. आकडा एक ठेवला की पहिला राउटर बोलतो, दोन ठेवला की दुसरा. वाटेतल्या मोठ्या राउटरांना असे निरोप पाठवणं हे दुय्यम काम असतं. काही ते टाळतात, काही मोजकेच पाठवतात. म्हणून मधल्या ओळीत तारे आणि पुढच्या ओळी व्यवस्थित, याचा अर्थ तो राउटर गप्प आहे एवढाच. एखाद्या टप्प्यापासून शेवटपर्यंत सगळेच तारे असतील आणि साइटही उघडत नसेल, तर मात्र शोध तिथूनच सुरू करा.

विंडोजवर या कमांडचं नाव आखूड आहे: टी-आर-ए-सी-ई-आर-टी. लिनक्सवर एमटीआर मिळालं तर तेच वापरा. ते पिंग आणि ट्रेसराउट दोन्हींचं काम एकत्र करतं आणि प्रत्येक टप्प्यावरची गळती टक्क्यांत देतं. ती वाचतानाही नियम तोच: गळती एका टप्प्यावर दिसून पुढे नाहीशी होत असेल तर दुर्लक्ष करा, पुढे शेवटपर्यंत चालू राहिली तर गंभीरपणे घ्या.

पिंग छान येतो, पण कोणी फोटो-व्हिडिओ अपलोड करायला घेतला की सगळ्यांचं नेट बसतं. असं का?

याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस यांनी हा शब्द रुळवला. राउटर येणारी पॅकेटं टाकून न देता लांबलचक रांगेत उभी करतो. मोठ्या अपलोडची हजारो पॅकेटं पुढे आणि तुमच्या कॉलमधला आवाज त्यांच्या मागे.

तपासणी सोपी आहे. एका खिडकीत पिंग १.१.१.१ चालू ठेवा. विंडोजवर डॅश टी जोडल्यावर तो थांबत नाही. दुसरीकडे मोठी फाइल अपलोडला लावा. पंधराचा आकडा चारशेवर गेला की निदान झालं. ओपनडब्ल्यूआरटीवर एसक्यूएम नावाचं पॅकेज घाला, त्यात केक ही पद्धत निवडा आणि वेग तुमच्या लाइनच्या प्रत्यक्ष वेगाच्या ८५ ते ९५ टक्के ठेवा. थोडा वेग सोडून दिला की रांग ऑपरेटरच्या यंत्रात न साचता तुमच्या ताब्यात राहते. ज्या घरात दोघं घरून काम करतात तिथे मला यापेक्षा जास्त फरक दुसऱ्या कुठल्याच गोष्टीने पडलेला दिसला नाही. जुन्या, दमलेल्या प्रोसेसरच्या राउटरला मात्र हे झेपत नाही.

राउटरच्या आत कसं शिरायचं?

एसएसएच या, दुसऱ्या यंत्रात दुरून शिरायच्या कमांडने. ती अशी द्यायची: एसएसएच रूट, मग ॲट चिन्ह, मग राउटरचा पत्ता. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ते तसंच असतं. राउटर रीसेट केल्यावर 'रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड' असा मोठा इशारा आला तर दचकू नका. राउटरने नवी किल्ली बनवली आहे. एसएसएच-कीजेन, डॅश मोठा आर आणि तो पत्ता दिला की जुनी नोंद निघते. रीसेट न करता हाच इशारा आला तर मात्र थांबा आणि आधी कारण शोधा.

ऑपरेटरने दिलेल्या फायबरच्या डब्यात हा दरवाजा बहुधा बंद असतो. तो फोडायच्या मागे लागू नका. त्याच्या मागे स्वतःचा राउटर जोडा.

आत गेल्यावर पहिली कमांड कोणती?

अपटाइम. राउटर किती वेळ सलग चालू आहे हे ती एका ओळीत सांगते.

हे मी अनुभवाने सांगतो. आमच्या घरी दोन महिने रोज रात्री नेट जायचं. ऑपरेटरकडे तक्रारी झाल्या, वायफायचं चॅनेल तीनदा बदललं, दिवाणखान्यातला राउटर कपाटावर गेला. एका रात्री नेट परत आल्या आल्या सहज आत शिरलो आणि अपटाइम दिलं. उत्तर आलं: ३ मिनिटं. कोणी स्विचला हातही लावला नव्हता. म्हणजे लाइन जातच नव्हती, राउटर आपोआप पडून पुन्हा उठत होता. त्याचा बारा व्होल्टचा ॲडॉप्टर हातात घेतला तर चटका बसेल इतका तापलेला. रात्री सगळे घरी, राउटरवर ताण, ॲडॉप्टरची धाप. तेवढ्याच व्होल्टचा, पुरेशा अँपिअरचा नवा ॲडॉप्टर आणला आणि त्रास संपला. पहिल्या दिवशी ही एक कमांड दिली असती तर दोन महिने वाचले असते.

इन्व्हर्टर असलेल्या घरांनी हे आवर्जून बघावं. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर बदल होताना क्षणभर पुरवठा तुटतो. पंखा फिरतच राहतो, राउटर मात्र उडतो. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मधे बसवला की हा त्रास जातो.

लॉगमध्ये काय शोधायचं?

लॉगरीड दिलं की सगळा लॉग येतो. लॉगरीड डॅश एफ दिलं की नवीन ओळी जसजशा येतील तशा दिसत राहतात. कर्नलचे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचे, निरोप वेगळे हवे असतील तर डी-एम-ई-एस-जी. शेकडो ओळी बघून गोंधळू नका, नेट गेलं त्या वेळेच्या आसपासच्या दहा-वीस वाचा.

युजरनेम-पासवर्ड टाकून चालणाऱ्या, म्हणजे पीपीपीओई जोडणीत पीपीपीडीच्या, म्हणजे ती जोडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, ओळी महत्त्वाच्या. 'टाइमआउट वेटिंग फॉर पीएडीओ पॅकेट्स' म्हणजे राउटर हाका मारतोय आणि पलीकडून कोणीच ओ देत नाही: फायबर, ऑपरेटरचा डबा किंवा त्यांचं केंद्र. 'ऑथेंटिकेशन फेल्ड' म्हणजे पलीकडे कोणीतरी आहे पण आत घेत नाही. पासवर्ड तपासा, आणि त्याआधी रिचार्ज संपला नाही ना ते बघा. 'एलसीपी टर्मिनेटेड बाय पीअर' म्हणजे पलीकडच्याने जोडणी स्वतःहून सोडली. 'नो रिस्पॉन्स टू ५ एको-रिक्वेस्ट्स' म्हणजे जोडणी होती, मग समोरचा अचानक मुका झाला.

'लिंक डाउन' आणि लगेच 'लिंक अप' अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसली तर आधी केबल आणि तिचं टोक बघा. टोकाची प्लॅस्टिकची कडी मोडलेली असते आणि झाडू लागला की केबल हलते, इतकं साधं कारणही निघतं.

लॉगमधली तारीख भलतीच का?

बहुतेक घरगुती राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. उठल्यावर तो जुनीच वेळ धरून चालतो आणि नेट मिळाल्यावर ती दुरुस्त करतो. त्यामुळे लॉगच्या मधेच वेळ एकदम उडी मारताना दिसली, तर तिथे राउटर नव्याने उठला असं समजा.

वीज गेली तरी लॉग टिकेल असं काही करता येतं का?

येतं. घरात सतत चालू असलेलं एखादं यंत्र हवं, रास्पबेरी पाय किंवा जुना लॅपटॉप. ओपनडब्ल्यूआरटीच्या सिस्टीम सेटिंगमध्ये बाहेरच्या लॉग सर्व्हरचा पत्ता द्यायची जागा आहे. तिथे त्या यंत्राचा पत्ता घाला, पोर्ट ५१४. त्या यंत्रावर आर-सिसलॉग चालू ठेवून बाहेरून येणारे लॉग घ्यायला सांगा. मग राउटर पडला तरी पडण्याआधीची शेवटची ओळ दुसरीकडे सुरक्षित असते.

२०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, पण ९४च्या वर जात नाही.

९४ हा आकडा ऐकला की मी थेट केबलकडे जातो. राउटरवर ईथटूल आणि पुढे पोर्टचं नाव, उदाहरणार्थ ईटीएच०, असं द्या आणि 'स्पीड'ची ओळ वाचा. तिथे १००० ऐवजी १०० असेल तर उत्तर मिळालं. शंभराच्या जोडणीतून हेडरचा वाटा वजा जाता साधारण ९४च हाती लागतात. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, शंभराला चार पुरतात. एखादी तार उंदराने कुरतडली किंवा टोकात नीट बसली नाही, तर दोन्ही बाजू मुकाट्याने शंभरावर समेट करतात. नेट चालू राहतं, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. टोक नव्याने क्रिंप करा किंवा केबल बदला. त्या डब्याचं किंवा राउटरचं पोर्टच शंभराचं असेल, तर मात्र केबल बदलून उपयोग नाही.

वायफाय कुठे कमी पडतंय हे कसं मोजायचं?

राउटरवर आय-डब्ल्यू-इन्फो, विंडोजवर नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस. राउटर ताकद डीबीएममध्ये सांगतो. हे आकडे उणे असतात, शून्याच्या जितके जवळ तितके बरे. उणे ५० उत्तम, उणे ६७पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८०ला आशा सोडा. लॅपटॉप घेऊन घरभर फिरा आणि प्रत्येक खोलीचा आकडा कागदावर लिहा. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि नव्या फ्लॅटमधलं काँक्रीट, दोन्ही सिग्नल खातात.

घरात दुसरा जुना राउटर जोडल्यापासून कधी चालतं, कधी नाही.

दोन्ही राउटर पत्ते वाटत असणार. ज्या मोबाइलला पहिल्याने पत्ता दिला तो चालतो, दुसऱ्याने दिला तो अडकतो. लॅपटॉपवर एआरपी डॅश ए द्या आणि गेटवेच्या समोरचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा कारखान्यातला ओळख-क्रमांक, राउटरखालच्या स्टिकरशी ताडून बघा. शेवटचा एखादा अंक इकडे-तिकडे चालतो, पण पूर्ण वेगळाच दिसला तर उत्तर देणारा तो दुसरा राउटर आहे. जुन्या राउटरवरचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा, त्याला वेगळा पत्ता द्या आणि केबल त्याच्या लॅन, म्हणजे घरातल्या बाजूच्या, पोर्टात घाला.

काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात.

एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, तपासा. इथरनेटवर एका पॅकेटात १५०० बाइट मावतात. पीपीपीओई त्यातले ८ घेतं, उरले १४९२. पिंगचं स्वतःचं हेडर २८चं, म्हणजे आत १४६४. विंडोजवर पिंग डॅश एफ डॅश एल १४६४ १.१.१.१ द्या. हे गेलं आणि १४६५ला 'तुकडे करावे लागतील' असा निरोप आला, तर १४९२ बरोबर. १४६४च जात नसेल तर आकडा खाली आणत जा, जो जाईल त्यात २८ मिळवा आणि राउटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या लाइनच्या, सेटिंगमध्ये तो एमटीयू घाला.

स्पीड टेस्ट राउटरवरच चालवावी का?

नको. राउटरचा प्रोसेसर पॅकेटं पुढे ढकलायला बनलेला असतो, स्वतः डाउनलोड करायला नाही. आकडा खोटा कमी येतो. केबलने जोडलेल्या लॅपटॉपवर चालवा. घरातल्या घरात मोजायला दोन लॅपटॉपवर आयपर्फ३ बसवा, एकावर डॅश एस, दुसऱ्यावर डॅश सी आणि पहिल्याचा पत्ता.

माझ्या वॅनचा पत्ता १००.६४ ने सुरू होतो. बिघाड आहे का?

नाही. ऑपरेटर एक सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटतो. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ मध्ये त्यासाठीच राखून ठेवला गेला. बाहेरून घरातला कॅमेरा थेट बघता येत नाही, त्याचं कारण मात्र हेच.

गावाहून तपासता यावं म्हणून एसएसएच बाहेरून उघडं ठेवू का?

अजिबात नको. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने कॅमेरे आणि राउटर लाखोंनी ताब्यात घेतले, ते टेलनेट या एसएसएचसारख्याच जुन्या, उघड्या दरवाजावर कारखान्यातलेच पासवर्ड वापरून. बाहेरून यायचंच असेल तर वायरगार्ड व्हीपीएन, म्हणजे घरापर्यंतची सुरक्षित खासगी वाट, बसवा.

ऑपरेटर म्हणतो, दोष तुमच्याच राउटरमध्ये आहे. काय पाठवायचं?

'नेट स्लो आहे' असं लिहू नका. वेळ लिहा आणि आकडे लिहा. मागच्या पावसाळ्यात मी पाठवलेला मजकूर असा होता: 'काल रात्री ९.१० ते ९.४०, लॅपटॉप केबलने जोडलेला. राउटरपर्यंत पिंग १००पैकी १००. त्याच्या पुढच्या पहिल्या टप्प्यापासून शेवटपर्यंत १८ टक्के गळती. राउटर ११ दिवस सलग चालू आहे. एमटीआरचा रिपोर्ट आणि लॉगच्या ओळी सोबत.' याआधी दोनदा फोनवर राउटर बदला एवढंच उत्तर मिळालं होतं. या वेळी दुसऱ्या दिवशी माणूस आला आणि सोबत पॉवर मीटर घेऊन आला.

आमच्या फायबरवर त्याने मोजलं: उणे २८.५ डीबीएम. घरोघरच्या जीपॉन, म्हणजे फायबर जोडणीच्या, डब्याला सर्वसाधारणपणे उणे २७च्या वरचा प्रकाश लागतो. तो गच्चीवर गेला. जॉइंटच्या डब्याचं झाकण सैल होऊन आत पाणी साचलं होतं. त्याने डबा पुसला, जोड नव्याने केला, खाली येऊन परत मीटर लावला आणि मला दाखवला: उणे १९.